आठ पन्नासची नोंद

माझा नवरा म्हणतो, हिच्याशी बोलायचं तर पुरावा घेऊन बसावं लागतं. बरीच वर्षं मी हे कौतुक समजत होते. चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ती दुसऱ्याची असली तर माझा आवाज जरा जास्तच चढतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती ते कळेल.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस आहे. एका विमा कंपनीचं जुनं मेनफ्रेम आम्ही सांभाळतो. मेनफ्रेम म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो तो कपाटाएवढा कॉम्प्युटर. तो असतो मुंबईत, आमच्याकडे फक्त त्याचे पडदे. सकाळी सात ते दोन ताई बसायच्या, दोन ते नऊ मी. रात्रपाळी मुंबईवाले बघायचे. ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या, मूळच्या चांदवडकडच्या, नवरा गेल्यावर सिडकोतल्या घरात एकट्या राहणाऱ्या. मी लागले तेव्हा मला त्या मशीनचं ओ की ठो कळत नव्हतं. फाईलला नाव काय द्यायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि मशीनही पुढच्या वर्षी बंद होणार होतं. "दोघी संगट जाऊ," असं त्या पडद्याकडे बघून म्हणायच्या.

ताईंची स्मरणशक्ती म्हणजे आमच्याकडे चेष्टेचा विषय होता. कोणता जॉब, म्हणजे मशीनला लावून दिलेलं काम, कोणत्या सणाच्या आदल्या दिवशी अडकला, त्या दिवशी कुणी डब्यात काय आणलं होतं, हे त्या एका दमात सांगायच्या. त्याचा त्यांना अभिमान होता आणि अभिमानाखाली भीतीही होती. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं होतं, की त्यांच्या आईला शेवटी शेवटी विसरण्याचा आजार झाला. "मी तिला भरवत होते, तर म्हणली, बाई, तुम्ही कुणाच्या? तेवढं मला नाय व्हायला पायजे. बाकी काय बी होऊ दे." मी ते ऐकलं, हं म्हटलं आणि भेंडीची भाजी पुढे सरकवली. ऐकलेलं माझ्या किती लक्षात राहिलं होतं, ते पुढे कळलंच.

मशीन बंद करायचं तर त्यावरचे कोणते प्रोग्राम अजून खरोखर वापरात आहेत, हे आधी शोधायला हवं. ते काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. साहेब पुण्याला बसतात, आम्हाला पडद्यावरच भेटतात. मेनफ्रेम आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद स्वतःच लिहून ठेवतं. कोण आत आलं, कुणी कोणती फाईल उघडली, कुणी पुसली, कोणता जॉब किती वेळ चालला, सगळं. पण त्या नोंदी माणसाला वाचता येतील अशा नसतात. तारीख म्हणजे वर्षाचा कितवा दिवस, वेळ म्हणजे मध्यरात्रीपासून सेकंदाचे किती शंभरावे भाग, आणि तेही आकडे दाबून बसवलेले. त्या सोडवायच्या, डेटाबेसच्या तक्त्यांत ओळी आणि रकाने करून भरायच्या, की मग हवा तो प्रश्न विचारता येतो. गव्हात पडलेली मोहरी निवडण्यासारखं काम. मला ते फार आवडलं. दोन महिन्यांत माझे तक्ते भरले आणि मी कुणालाही काहीही विचारायचं सोडून तक्त्यालाच विचारायला लागले. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, की तो जॉब तर रोज चालतो, की मी म्हणायचे, थांबा, बघते. आणि बघून आल्यावर त्याला खोटं पाडायचे.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी ताईंनीच साहेबांना फोन करून सांगितलं, की वारसाचं नाव बदलण्याच्या अर्जांची फाईल गायब आहे. राज्यभरातल्या शाखांनी तीन दिवस खपून ते अर्ज टाईप केले होते. पुढे पाठवेपर्यंत अशी फाईल ताई स्वतःच्या नावाखाली ठेवायच्या, ती नेहमीची रीत. मंगळवारी ती होती, बुधवारी नव्हती. सगळे अर्ज पुन्हा टाईप करावे लागणार होते आणि शाखांतून शिव्या सुरू झाल्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "तुमचे ते तक्ते सांगतील का, कुणी पुसली?"

सांगतील का? मी तर याच प्रश्नाची वाट बघत होते. मंगळवारच्या नोंदी भरलेल्याच होत्या. फाईलचं नाव घातलं, एक ओळ बाहेर आली. पुसणारं लॉगिन ताईंचं. वेळ सकाळचे आठ पन्नास.

मला धक्का बसला, हे खरं. ताई आणि असली चूक? पण खरं सांगायचं तर त्या धक्क्यात एक खुशीही होती, कारण माझा तक्ता चालला होता. मी ती ओळ साहेबांना पाठवून दिली. आधी ताईंना दाखवावी, हे मला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. पडद्यावर साहेब, इकडे टेबलाशी ताई आणि मी. ताई शांत होत्या. म्हणाल्या, "आठ पन्नासला मी खाली चहाला असते."

"असते, की होतात?" मी विचारलं. कुणी विचारायला सांगितलं नव्हतं.

"होते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "होते ना. असणार."

"सकाळी खोलीत तुमच्याशिवाय कुणी नसतं. चहाला जाण्याआधी हातून झालं असेल."

"मी नाय पुसली गं. मला आठवलं असतं."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. मी म्हणाले, "ताई, माणूस विसरतो. मशीन विसरत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "मग मीच पुसली असणार." साहेबांनी दोन ओळींचा माफीनामा मागितला, तो त्यांनी तिथेच लिहून दिला. त्यांचं लॉगिन बंद झालं. शुक्रवारी त्यांनी साठलेल्या रजेचा अर्ज टाकला आणि निवृत्तीपर्यंतची सगळी रजा घेऊन टाकली. मला वाटलं, रागावल्या असतील, होतील शांत. सकाळची पाळी मुंबईवाल्यांनी घेतली.

तीन आठवड्यांनी त्यांच्या खणातला चष्मा आणि स्टीलचा डबा देण्यासाठी मी सिडकोत गेले. सकाळचे दहा वाजले होते. दार उघडायच्या आधी त्यांनी आतून दोनदा विचारलं, कोण म्हणून. आत गेले आणि बघतच राहिले. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता, किल्ली घे. नळावर कागद, बंद कर. फ्रिजवर आठवड्याच्या वारांची यादी आणि होऊन गेलेल्या वारांवर काट. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, गॅस बंद केला का? खाली तीच ओळ पुन्हा. अक्षर ताईंचं, तेच मोत्यासारखं, आमच्या पाळीच्या वहीतलं.

"हे काय ताई?" मी विचारलं.

"सवय केलेली बरी," त्या म्हणाल्या. "आईचं असंच सुरू झालं व्हतं. आधी बारीकसारीक. कॅनडा कॉर्नरला डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हणला, आत्ता काय दिसत नाय, सहा महिन्यांनी या. त्याला काय दिसणार? त्याच्याकडे थोडीच नोंद हाय." आणि त्या हसल्या. "स्कूटर देऊन टाकली शेजारच्यांना. रस्त्यात काय झालं म्हंजे? लेकीकडे जाते आता दिंडोरीला. तिची द्राक्षाची छाटणी उरकली, की रविवारी न्यायला येतीय. हे घर भाड्यानं देऊ म्हणतीय."

मी खुर्चीत बसले. समोर बसलेली बाई माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, आपण बरोबर बोललो का ते तपासत होती. ज्यांना सणावारांसकट जॉब पाठ होते, त्या ताई. मी म्हटलं, "ताई, एका फाईलवरून एवढं?" त्यावर त्या म्हणाल्या, "फाईलचं काय नाय गं. मला तो चहा आठवतो ना. लख्ख आठवतो. आणि तू दाखवलंस, की ते तसं झालंच नाय. मग बाकीचं जे आठवतं ते तरी खरं कशावरून?"

स्कूटर चालवत अंबडला कशी पोचले ते मला माहीत नाही. डोक्यात एकच, तो चहा. माझ्या पाळीला अजून वेळ होता. मी तक्ता उघडला आणि तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. आठ पन्नासची एकच ओळ नाही, ताईंचा मंगळवारचा अख्खा दिवस दाखव.

ओळी आल्या. पहिली फाईल उघडल्याची वेळ, रात्री एक बत्तीस.

मला आधी हसूच आलं. रात्री दीडला ताई घरी झोपलेल्या असतात. मग पुढच्या ओळी पाहिल्या. दीडपासून काम सुरू, सकाळी साडेआठच्या आसपास संपत आलेलं. सोमवार पाहिला, तसंच. आदला आठवडा, तसंच. सात तासांची पाळी अगदी जशीच्या तशी, फक्त सरकलेली. दीड आणि सात. किती अंतर? साडेपाच तास. शाळेतल्या मुलालाही येणारं गणित. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या पुढे किती, साडेपाच तास.

प्रत्येक नोंदीच्या कपाळावर एक वेळ असते, ती इथली. फाईलच्या नोंदींच्या पोटात मात्र आणखी एक शिक्का असतो, तो ग्रिनिचच्या घड्याळाचा. मी तो पोटातला उचलला होता, जास्त नेमका म्हणून. त्यात साडेपाच तास मिळवायचे विसरले होते. मी. विसरले होते.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं, पण ती अजून पुरती सरकली नव्हती. आठ पन्नासमध्ये साडेपाच तास मिळवले. दुपारचे दोन वीस. दोनला ताई उठायच्या. दोन वीसला त्यांच्या लॉगिनवर कोण होतं?

आमच्या खोलीत एक पद्धत आहे, तिला आम्ही चालू खुर्ची म्हणतो. पाळी बदलताना उठणाऱ्याने लॉगिन बंद करायचं नाही. पूर्वी लॉगिनला फार वेळ लागायचा, नजर ठेवायचे सगळे पडदे पुन्हा एकेक करून उघडावे लागायचे, म्हणून ही सोय. पुढच्याने तसंच बसायचं आणि सवड मिळाली की मग स्वतःच्या नावाने यायचं. साहेबांना हे माहीत नव्हतं. मला ताईंनीच शिकवलं होतं, माझ्या पहिल्याच आठवड्यात. "मागून येणाऱ्याला चालू खुर्ची मिळाली पायजे," असं म्हणून.

त्या मंगळवारी दोन वाजता चालू खुर्चीत मी बसले होते. आणि आल्या आल्या मी काय केलं, तेही मला आठवलं, लख्ख. तक्ते भरण्यासाठी केलेल्या माझ्या तात्पुरत्या फायली मी पुसल्या होत्या. फाईलचं नाव अर्धवट दिलं, की मशीन त्याच्या सुरुवातीला लॉगिनवाल्याचं नाव आपणहून जोडतं. मला वाटलं माझं जोडेल. जोडलं ताईंचं. त्यांची वारसांची फाईल आणि माझ्या फायली, नावाचा शेवटचा भाग सारखाच, कारण तात्पुरत्या फाईलला तसंच नाव द्यायचं हे मला त्यांनीच शिकवलेलं. मशीनने सांगितलं, पुसली. मी पुढच्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी माझ्या फायली तशाच दिसल्या. तेव्हा मी स्वतःशी म्हटलं होतं, अरेच्चा, काल राहूनच गेलं वाटतं. आणि हसून पुन्हा पुसल्या होत्या. मला काही विसरल्यासारखं वाटलं तर मी हसले. ताईंना मात्र घरभर कागद चिकटवायला लावले.

माझ्या मनात एक क्षण काय आलं तेही सांगते, लपवून उपयोग नाही. मनात आलं, की अर्ज पुन्हा टाईप होऊन गेलेत, ताईंची नोकरी सुटलेलीच आहे, आता हे कुणाला कळणार? तो विचार माझ्याच डोक्यात आला याचा मला सगळ्यांत मोठा धक्का बसला. मग मी साहेबांना लिहिलं. फाईल मी पुसली, वेळ मी चुकवली, ताईंचा माफीनामा रद्द करावा. सोबत ती ओळ जोडली, दोन्ही वेळांसकट. पाठवलं आणि त्याचं उत्तर यायच्या आत परत सिडकोत गेले.

ताई बॅग भरत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. ग्रिनिच, शिक्का, साडेपाच तास, चालू खुर्ची, सगळं एकदम. त्यांनी हाताने थांबवलं. "सावकाश सांग. मला कळंल असं."

मी खाली बसले आणि सावकाश सांगितलं. फाईल मी पुसली, दुपारी, तुमच्या लॉगिनवर. सकाळी नाही. तुम्ही नाही. त्या ऐकत होत्या. हातातली साडी त्यांनी घडी न घालता मांडीवर ठेवली होती. मला रडू यायला लागलं होतं, पण आपण रडून त्यांनी आपली समजूत काढावी हे मला बरोबर वाटेना, म्हणून मी ओठ दाबून बसले.

"म्हंजे आठ पन्नासला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही चहाला गेला होतात."

"त्या दिवशी चहावाल्याची साखर संपली व्हती," ताई हळूहळू म्हणाल्या. "गूळ टाकला त्यानं. मी म्हणले बी, दूध फाटंल. तर म्हणतो, मावशी, गॅस बारीक केलाय, नाय फाटत. आणि नाय फाटलं." त्या थांबल्या. या वेळी तपासायला नाही. मग माझ्याकडे रोखून पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तो गेटाबाहेरच उभा असतो. जिना उतरला की चहा. एवढ्या ओळी चाळल्यास तू. त्याला विचारायला काय झालं व्हतं तुला?"



त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. कागद टराटरा निघाल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मी जागेवरून हलले नाही. बाहेर आल्या तेव्हा फोन कानाला होता. पलीकडे दिंडोरीला लेक असणार, शेतात, कारण ताई मोठ्याने बोलत होत्या.

"अगं, ऐकू येतंय का? रविवारी येऊ नको. नाय, घर नाय द्यायचं. काय नाय झालं. अगं ऐक तर, मी चहाच पीत होते. हां. गुळाचा. चहाच पीत होते मी."